पाच हजार गाणी आणि एक ओवी

दिवाळी जवळ आली की घरोघर एक प्रश्न उभा राहतो. थोरामोठ्यांना काय द्यायचे? लहान मुलांचे सोपे असते. आपल्याला काय हवे ते ती स्वतःच सांगतात, आणि दसऱ्यापासून रोज सांगतात. सौभाग्यवतींचेही सोपेच. काय घ्यायचे ते त्यांनी आधीच ठरवलेले असते, आपण पिशवी धरून दुकानापर्यंत जायचे. अडते ते म्हाताऱ्या माणसांपाशी. लुगडे नेले तर ‘आहेत रे ट्रंकभर’, मिठाई नेली तर डॉक्टरांची बंदी, आणि पैसे दिले तर ते आपल्या डोळ्यांदेखत नातवंडांच्या हातावर पडतात.

अलीकडे बाजाराने या प्रश्नाला एक उत्तर काढले आहे. गाण्याचे यंत्र! खिशात मावणारे, उशाशी ठेवता येणारे, चार्जरला लावले की दिवसभर गाणारे. याच्या इतक्या जाती निघाल्या आहेत की घ्यायला जाणारा माणूस गोंधळून रिकाम्या हाताने परत यावा. म्हणून म्हटले, यंदा या अंकात या गाणाऱ्या डब्यांचीच थोडी वंशावळ सांगावी आणि कोणासाठी कोणता घ्यावा याचाही विचार करावा. शिवाय या डब्यांत काय भरावे, हा एक प्रश्न आहे. तो मला यंदा राजूरला एका ऐंशी पार केलेल्या बाईने घातला. तिच्याकडे मी ओघाने येणारच आहे.

आधी वंशावळ. माझे वडील ‘गीतरामायणा’ची गोष्ट फार रंगवून सांगत. 1955च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत. अशी छप्पन्न गीते व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. गीत लागायची वेळ झाली की ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओसरीवर आळी जमे. गदिमा आणि बाबूजी यांच्यापुढे लोक हात जोडून बसत, पण त्यांना ‘परत एकदा’ म्हणण्याची सोय नव्हती. गाणे यायचे तेव्हा यायचे आणि माणसाने त्याच्या वेळेला हजर राहायचे, असा तो काळ होता.

पुढे कॅसेट आली आणि गाणे माणसाच्या वेळेला हजर राहू लागले. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज एसटी स्टँडपासून लग्नाच्या मांडवापर्यंत पोचला तो या कॅसेटमुळेच. 1979च्या जुलैत जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला. गाणे आता माणसाबरोबर चालू लागले, आणि कानात बोळे घातल्यामुळे शेजारच्याला ते ऐकू येईनासे झाले. गाणे ऐकणे ही गोष्ट चारचौघांतून उठून एकट्याच्या कानात जाऊन बसली, ती त्या वर्षी.

डिजिटल यंत्रे यानंतर वीस वर्षांनी आली. 1998 साली कोरियातल्या सेहान कंपनीने एमपीमॅन नावाचे यंत्र काढले. त्यात टेप नव्हती, तबकडी नव्हती, फिरणारा एकही भाग नव्हता. गाणी मात्र मावत सारी अर्ध्या तासाची. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचे रिओ आले आणि तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या पोटात गोळा उठला. त्या कोर्टात गेल्या. 1999 साली कोर्टाने यंत्राच्या बाजूने कौल दिला आणि दार मोकळे झाले. त्या दारातून 23 ऑक्टोबर 2001 रोजी ॲपलचा आयपॉड आला, तो एक हजार गाणी खिशात घेऊनच. मग धाकटे आयपॉड आले, नुसत्या बटनांचे आले, चित्रपट दाखवणारे आले. इतर कंपन्यांचीही डझनभर यंत्रे आली आणि गेली. मोबाइल फोनने एकेकाला गिळायला सुरुवात केली. अखेर मे 2022 मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले. बकासुराने गाव संपवावे तसे झाले.

आपल्याकडच्या लहान गावांनी मात्र ही सारी मजल एका उडीत मारली. आयपॉड तिथे कोणी पाहिलाही नसेल. तिथे होते मोबाइलचे दुकान आणि दाराशी पाटी : ‘गाणी भरून मिळतील.’ आपले मेमरी कार्ड द्यायचे, दुकानदार संगणकातून दोनपाचशे गाणी ओतून द्यायचा. भजने हवीत, लावण्या हव्यात की नव्या सिनेमाची हवीत, एवढेच विचारायचा. किराणा मालासारखी गाणी मोजून मिळत. गाण्याच्या मालकाला यातला एक पैसाही पोचत नसे, आणि कायद्याला ते मान्य नव्हतेच. पण खेड्यापाड्यांत डिजिटल गाणे पहिल्यांदा पोचले ते या दुकानांतून. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि या पाट्या भराभर उतरल्या.

आता सर्व गाणी फोनमध्ये आली, तेव्हा वेगळ्या यंत्राचे काम संपले असे कोणालाही वाटेल. मौज पाहा, नेमके 2017 साली सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ नावाची पेटी बाजारात आणली. ही कंपनी म्हणजे जुन्या एचएमव्हीचीच आजची पिढी. पेटीला रूप जुन्या ट्रान्झिस्टरचे दिले, आत पाच हजार जुनी हिंदी गाणी भरून ठेवली आणि किंमत लावली सहा हजारांच्या आसपास. इंटरनेट नको, निवडानिवड नको. खुंटी फिरवायची की लता, खुंटी फिरवायची की किशोर. लोकांनी ती आईवडिलांसाठी धडाधड विकत घेतली. पुढे मराठी गाण्यांचीही पेटी निघाली.

यामागचे कारण फार साधे आहे. फोनची काच गुळगुळीत असते. ज्याची दृष्टी अधू झाली त्याच्या बोटाला त्या काचेवर काहीच सापडत नाही. खुंटी सापडते, बटन सापडते. शिवाय फोनवर गाणे ऐकत असताना मध्येच बँकेचा निरोप येतो, कर्ज हवे का म्हणून कोणी मुलगी विचारते, आणि अभंगाच्या ऐन मध्यात चहाची जाहिरात उगवते. पेटी एकच काम करते आणि ते करताना दुसऱ्या कोणाला आत घेत नाही.

आज बाजारात गेलात तर ढोबळमानाने चार जाती दिसतील. पहिली, या कारवाँसारखी, गाणी भरूनच येणारी. दुसरी, दोनतीनशे रुपयांपासून मिळणारे लहान डबे. त्यांत मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह आपण घालायचा. तिसरी, शर्टाला अडकवायची चिमुकली यंत्रे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी. चौथी, हौशी लोकांची. सोनीने वॉकमन हेच जुने नाव या डिजिटल यंत्रांना दिले आहे, आणि त्यांतले उंची यंत्र पन्नास हजारांच्याही पुढे जाते. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू येण्याचे सुख ज्यांना पैशापेक्षा मोठे वाटते त्यांनी खुशाल तिकडे वळावे. देवघरात मंत्र पुटपुटत राहणारी डबी ही पाचवी उपजात. ती एकच मंत्र अहोरात्र म्हणते, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही.

आता या डब्यांत एवढी गाणी मावतात कशी, ते सांगतो. सीडीवर आवाज नोंदवताना त्याचे माप सेकंदाला 44,100 वेळा घेतात. पाच मिनिटांचे गाणे अशा रीतीने साठवायचे तर सुमारे पन्नास एमबी जागा खाते. तेच गाणे एमपी3 पद्धतीने साठवले तर पाच एमबीत बसते. म्हणजे दहा भागांतले नऊ भाग फेकून दिलेले असतात, आणि तरी आपल्याला गाणे तेच वाटते! याचे रहस्य आपल्या कानात आहे. मिरवणुकीत ढोल दणदणत असला की शेजारच्या बाईच्या बांगड्या किणकिणलेल्या आपल्याला ऐकू येत नाहीत. बांगड्या वाजतात, कान त्यांची दखल घेत नाही. एमपी3ची सारी करामत एवढीच, की जे कान तसेही ऐकणार नाही त्यावर जागा फार खर्चायची नाही. नखाएवढ्या 32 जीबीच्या कार्डावर अशी सहा हजारांहून अधिक गाणी राहतात. छप्पन्न आठवड्यांचे गीतरामायण त्या नखाच्या एका कोपऱ्यात मावते.

ही पद्धत बसवली जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या मंडळींनी. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यांतले मुख्य नाव. ढोल, वाद्यवृंद, टाळ्यांचा कडकडाट यांवर पद्धत घासूनपुसून घेता येत होती. पण एका ठिकाणी ती फार हटून बसली. सुझन व्हेगा नावाच्या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे. त्यात एकही वाद्य नाही. एकटी बाई, साथीशिवाय, बोलल्यासारखे गाते. सुरुवातीच्या प्रयोगांत तिच्या आवाजाची पार वाट लागली. कारण उघड आहे. एकट्या आवाजामागे दडायला काही नसते. ढोल नाही, म्हणून चूक झाकली जात नाही. ब्रांडेनबुर्ग यांनी ते गाणे शेकडो वेळा ऐकले आणि तो आवाज नीट उमटेपर्यंत पद्धत सुधारत नेली. 1995च्या जुलैत तिला ‘एमपी3’ हे नाव मिळाले. म्हणजे जगातल्या या डब्यांचा कान तयार झाला तो वाद्याच्या साथीशिवाय गाणाऱ्या एका बाईच्या आवाजावर. वाचकांनी ही गोष्ट जरा ध्यानात ठेवावी.

आता राजूर. अकोले तालुक्यातले राजूर वेगळे, हे जालना जिल्ह्यातले, गणपतीचे राजूर. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले की पंचवीसएक किलोमीटरवर येते. महाराष्ट्रातल्या गणपतीच्या साडेतीन पीठांत मोरगाव, पद्मालय आणि चिंचवड यांच्या जोडीला भाविक राजूर मोजतात. अंगारकीला जालन्याकडून माणसे रात्रभर पायी चालत येतात. एरवी मात्र ते आपले शांत गाव असते.

तिथे माझी मावशी राहते. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, डोळ्यांनी मात्र दगा दिला आहे. तिने निरोप धाडला होता, ‘मला एक गाण्याचा डबा घेऊन दे. टीव्ही दिसत न्हाई, नुसता भांडणाचा आवाज येतो.’ मी गावी गेलो तेव्हा पाच हजार गाण्यांच्या पेटीचे वर्णन तिला ऐकवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पाच हजार कामून रे बाबा? माझं आयुष्य आता राहिलं किती, अन् गाणी किती!” शेवटी आम्ही देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानी गेलो. हार, पेढे, कुंकू यांच्या शेजारी या डब्यांची उतरंड लावलेली होती. दुकानदार पोरगा हुशार. “आजी, यात कार्ड लागतं, पेनड्राइव्ह लागतो, एफएम लागतं, ब्लूटूथ लागतं.” मावशी म्हणाली, “लागतंय लई. बटनं दाखव.” तिने एकेक डबा हातात घेऊन बोटांनी चाचपला. ज्याची बटने ठसठशीत वर आलेली होती असा तांबड्या रंगाचा साडेतीनशे रुपयांचा डबा तिने उचलला. तो तांबडा आहे हे तिला मागाहून सांगावे लागले. हजारो रुपयांच्या यंत्रांची परीक्षा लिहिणाऱ्या मंडळींनी ही परीक्षा पाहायला हवी होती.

घरी येऊन मी कार्डावर तिची फर्माइश भरली. अभंग, गणपतीची गाणी, हरिपाठ. ती ऐकत बसली. मग मधेच तिने डबा बंद केला आणि विचारले, “यात जात्यावरच्या हायेत का?” मी म्हटले, ओव्यांच्या काही कॅसेट निघाल्या होत्या, शोधून देतो. तर म्हणाली, “त्या नको. आपल्या घरच्या. तुझ्या आईच्या.”

इथे थोडे घरचे सांगतो. माझी आई 1979 साली गेली. वॉकमन निघाला तेच वर्ष. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमच्या घरात टेपरेकॉर्डर नव्हता, आळीतही नव्हता. आईचे फोटो तीन आहेत. आवाज एकही नाही. तिचा आवाज कसा होता हे मला कोणी विचारले तर ‘बारीक’ एवढेच सांगता येते, आणि तेही खरे की काय कोण जाणे. मावशी आईची धाकटी बहीण. दोघींनी एका जात्याला हात लावून लहानपणी पीठ काढले. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, त्याबरोबर ओव्याही गेल्या. म्हणजे आम्हाला वाटले, गेल्या. त्या मावशीपाशी होत्या.

मावशीच्या मुलाचा नातू तिथे फोन घेऊन बसला होता. त्याला म्हटले, आवाज घे. मावशीने पदर सावरला, घसा साफ केला आणि ओवी म्हटली. पहिली राजूरच्या गणपतीची. मग भावाच्या. दिवाळीला भाऊ मुराळी होऊन येईल, भोकरदनच्या रस्त्याला धूळ उठली म्हणजे तो बैलगाडीचीच असेल, अशी वाट पाहणारी एक बहीण त्यांत होती. मध्येच मावशी म्हणाली, “ही तुझ्या आईनं जोडलेली. ती शेवटाला आवाज असा वर न्यायची.” आणि तिने शेवटचा शब्द वर नेऊन दाखवला. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तेही फोनमध्ये गेले असते.

नातवाने ते कार्डावर घातले आणि तांबड्या डब्यात लावले. मावशीने आपलाच आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. डोळे पुसणे वगैरे काही झाले नाही. ती म्हणाली, “तिसरी चुकली. परत घे.” त्या दिवशी दोन बैठकांत तिने एकसष्ट ओव्या दिल्या, आणि बासष्टावी आठवली की फोन करते असे सांगितले. आता तो डबा ओसरीवर लावलेला असतो. शेजारपाजारच्या दोघीतिघी येऊन बसतात आणि मावशीच्या डब्यातल्या मावशीच्या चुका काढतात.

तर वाचकहो, एकट्या बाईच्या आवाजावर तयार झालेले हे यंत्र. वाद्याविना, साथीविना गायचे ते जात्यावरचे गाणे. ही दोन माणसांसारखी एकमेकांना शोधत होती असे मला वाटले. पाच हजार गाणी बाजारात आहेत, उद्या पन्नास हजार होतील. त्यांतले एखादे हरवले तर कंपनीच्या कोठारात त्याची प्रत असते. मावशीच्या ओव्यांची प्रत कोठेही नव्हती.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसे होऊन गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळ फ्रान्सचे असून पुणेकर झालेले गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मराठवाड्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. 2017पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करायला घेतल्या. कोणालाही त्या घरबसल्या वाचता येतात. पण लाखातल्या थोड्याच ओव्यांचा आवाज धरता आला. बाकीच्या कागदावर आहेत. शब्द राहिले, शेवटाला आवाज वर नेणारी बाई राहिली नाही. आज प्रत्येकाच्या खिशात आवाज धरणारे यंत्र आहे. दोन माणसांना झेपले नाही ते काम आपल्याला घरापुरते सहज झेपेल.

म्हणून थोडी व्यवहाराची माहिती देऊन संपवतो. आवाज घेताना पंखा बंद करावा. मोकळ्या खोलीपेक्षा गाद्या-रजया असलेली खोली बरी, आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर दूर, उशीवर ठेवावा आणि त्या वेळापुरता त्याचा बाहेरचा संबंध तोडावा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ती लागेल. मध्ये बोलू नये. म्हातारी माणसे थांबली की संपली असे समजू नये, ती पुढचे आठवत असतात. मूळ नोंद जमल्यास वेव्ह पद्धतीने ठेवावी, एका बाजूच्या आवाजाला तासाला सुमारे तीनशे एमबी लागते, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात शंभर तास. डब्यात घालण्यासाठी त्याची एमपी3 करून घ्यावी, कारण स्वस्त डब्यांना फोनची नोंद पुष्कळदा वाचता येत नाही. गाणी कार्डावर हव्या त्याच क्रमाने एकेक उतरवावीत. असे डबे बहुधा उतरवण्याच्या क्रमानेच वाजवतात.

आणि शेवटचे. कार्डावर विसंबू नये. त्याच्या पोटात आवाज विजेच्या अगदी सूक्ष्म भाराच्या रूपाने कोंडलेला असतो, आणि वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तर तो भार हळूहळू गळतो. तीन प्रती कराव्यात. एक घरात, एक संगणकावर, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. आमच्याकडची एक राजूरला आहे, एक माझ्याकडे आणि एक पुण्याला भाचीकडे.

दिवाळीला सारे घर एकत्र येते. फराळ होतो, पत्ते होतात, दुपारी जेवून सगळे लवंडतात. त्यातला अर्धा तास काढावा. ओव्याच हव्यात असे नाही. आजोबांची आरती, आत्याचे मंगळागौरीचे गाणे, काकांचा पाढे म्हणण्याचा जुना हेल, काहीही चालेल. गाण्याचा डबा भेट द्यायचा असेल तर जरूर द्या, बटने चाचपून घ्या, आणि देण्यापूर्वी त्यात पहिल्या क्रमांकावर घरातले एक माणूस भरा. आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.